विलीनीकरणाच्या योजनेतली कर्मचाऱ्यांची ओळ

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी पुण्यात एका मोठ्या माध्यम कंपनीच्या कार्यालयात प्रोमो एडिटर आहे. ९ वर्षे ४ महिने झाले. आमच्या कंपनीचे दुसऱ्या मोठ्या कंपनीत विलीनीकरण जाहीर झाले आणि त्याच दिवशी शेअर वधारला. माझ्याकडेही २०० शेअर आहेत. ऑफिसात मात्र त्या दुपारपासून कोण राहणार आणि कोण जाणार, याशिवाय दुसरा विषय नाही. भागधारकांचा फायदा आणि आमच्या नोकऱ्या यांत कायदा कोणाची बाजू घेतो? की आम्ही नुसती वाट बघायची?"

वाट बघू नका. हे आधी सांगते, कारण गेली २६ वर्षे मी पुण्यात कामगारांच्या बाजूने वकिली करते आहे आणि हरलेली प्रकरणे आठवली की एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. कायदा विरोधात होता म्हणून हरलो, असे थोडे. लोक माझ्या टेबलापाशी आले तेव्हा सह्या होऊन गेल्या होत्या म्हणून हरलो, असे कितीतरी.

तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग म्हणजे शेअर का वधारला. हे समजल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही, म्हणून तुमचेच उदाहरण घेऊन हिशेब मांडते. आकडे मी धरलेले आहेत, तुमचे खरे आकडे तुम्ही घाला.

समजा तुमच्यावर कंपनीचा महिन्याला ७०,००० रुपये खर्च होतो, म्हणजे वर्षाला ८ लाख ४० हजार. तुमची जागा रद्द झाली की तेवढा खर्च दरवर्षी वाचणार. बाजार ही बचत एका वर्षाची धरत नाही. कंपनीच्या वार्षिक नफ्याला तो १५ पट किंमत देत असेल, तर वाचलेल्या ८ लाख ४० हजारांनाही १५ ने गुणतो, म्हणजे करापूर्वीच्या ढोबळ हिशेबाने १ कोटी २६ लाख. तुमची खुर्ची रिकामी झाली की कंपनीच्या बाजारमूल्यात एवढी भर पडेल असे विश्लेषकाच्या तक्त्यात लिहिले जाते, आणि तेही तुम्हाला पत्र मिळायच्या कितीतरी आधी.

आता दुसरी बाजू. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे तुमचे वेतन महिन्याला ४०,००० धरू. कपातीची भरपाई म्हणजे सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचे वेतन, ९ वर्षांचे १ लाख ८० हजार. एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याऐवजी वेतन, ४० हजार. नव्या औद्योगिक संबंध संहितेत पुनर्कौशल्य निधीतून, म्हणजे काढलेल्यांना नवे काम शिकता यावे म्हणून ठेवलेल्या निधीतून, १५ दिवसांचे वेतन मिळण्याची तरतूद आहे, ते २० हजार. ग्रॅच्युइटी सुमारे २ लाख ८ हजार. सगळे मिळून साडेचार लाखांच्या आसपास. पण ग्रॅच्युइटी तुम्ही आधीच कमावलेली आहे, उद्या स्वतःहून सोडून गेलात तरी ती तुमचीच. म्हणजे नोकरी घेतल्याबद्दल कंपनी प्रत्यक्षात जास्त काय देते, तर २ लाख ४० हजार.

१ कोटी २६ लाख आणि २ लाख ४० हजार. भागधारकांचा नफा विरुद्ध नोकरी हा वाद माझ्या दृष्टीने या दोन आकड्यांमधल्या अंतराचा आहे. नफा कमावणे गैर आहे असे मी कधी म्हटले नाही आणि म्हणणारही नाही. एवढे मोठे मूल्य ज्याच्या जाण्यातून तयार होते, त्याच्या वाट्याला त्यातले इतके कमी का येते, हा प्रश्न मात्र रास्त आहे, आणि तो वाटाघाटीच्या टेबलावर विचारता येतो.

कपात आधी पगारांवरच का येते, याचेही कारण त्याच तक्त्यात आहे. दोन कंपन्या एकत्र येतात तेव्हा व्यवस्थापन दोन प्रकारची वचने देते. एक, एकत्र आल्यामुळे उत्पन्न वाढेल: जास्त प्रेक्षक, जास्त जाहिरात. हे होईल की नाही, कोणीच खात्रीने सांगू शकत नाही. दुसरे, खर्च कमी होईल: दोन हिशेब विभाग आहेत तिथे एक, दोन विक्री विभाग आहेत तिथे एक, दोन प्रोमो विभाग आहेत तिथे एक. हे वचन व्यवस्थापनाच्या हातातले आहे, तारखेसकट देता येते. विकत घेणाऱ्याने बाजारभावापेक्षा जास्त रक्कम मोजलेली असते, अनेकदा कर्ज काढून. ती रक्कम योग्यच होती हे भागधारकांना पहिल्या दोन तिमाहींत दाखवून द्यायचे, तर हाताशी असलेली सगळ्यात पक्की गोष्ट म्हणजे पगार.

अमेरिकेतल्या सौद्यांत हे आकडे उघड जाहीर होतात. डिस्नेने २०१९ मध्ये फॉक्सचा मोठा भाग ७१.३ अब्ज डॉलरना घेतला, तेव्हा २ अब्ज डॉलरची वार्षिक बचत सांगितली होती. एप्रिल २०२२ मध्ये वॉर्नरमीडिया आणि डिस्कव्हरी एकत्र आल्या, तेव्हा ३ अब्जांचे लक्ष्य होते, पुढे ते वाढवत नेले. त्या नव्या कंपनीच्या डोक्यावर पहिल्याच दिवशी सुमारे ५५ अब्ज डॉलरचे कर्ज होते. सीएनएन प्लस ही तिच्या सीएनएन या वृत्तवाहिनीची नवी डिजिटल सेवा सुरू होऊन महिना झाला नाही तोच बंद झाली. तिच्यासाठी लोक इतर नोकऱ्या सोडून आले होते.

याच कंपनीचा शेअर पुढे कसा गेला, ते बघा. सुरुवातीला २४ डॉलरच्या आसपास असलेला भाव, ऑगस्ट २०२४ मध्ये टीव्ही वाहिन्यांचे मूल्य ९.१ अब्ज डॉलरनी कमी दाखवावे लागल्यावर, ८ डॉलरच्याही खाली गेला. म्हणजे नोकऱ्याही गेल्या आणि भागधारकही बुडाला. पण डिसेंबर २०२५ मध्ये नेटफ्लिक्सने स्टुडिओ आणि स्ट्रीमिंगच्या व्यवसायासाठी शेअरमागे २७.७५ डॉलरचा करार केला आणि पॅरामाउंटने सगळ्या कंपनीसाठी ३० डॉलरची बोली लावली. ज्या भागधारकाने तीन वर्षे कळ काढली, त्याला भाव परत मिळायची वाट उघडी झाली. २०२२ मध्ये काढलेल्या माणसाला अशी कळ काढायची सोय नव्हती. भागधारक थांबू शकतो, विकू शकतो, दहा कंपन्यांत पैसे वाटून ठेवू शकतो. कर्मचाऱ्याची ९ वर्षे एकाच ठिकाणी गुंतलेली असतात. जोखीम घेतो म्हणून नफा भागधारकाचा, असे पाठ्यपुस्तकात शिकवतात, आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. पण विलीनीकरणात सगळ्यात एकवटलेली जोखीम कर्मचाऱ्याचीच असते.

आपल्याकडचे उदाहरण जवळचे आहे. रिलायन्स आणि डिस्ने यांचा सौदा फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाला आणि १४ नोव्हेंबर २०२४ रोजी पूर्ण झाला. एकत्रित व्यवसायाचे मूल्य ७०,३५२ कोटी रुपये धरले होते. मार्च २०२५ मध्ये सुमारे १,१०० जणांना कमी केले जात असल्याच्या बातम्या आल्या, प्रामुख्याने जिथे दोन्हीकडे तीच कामे होती तिथे. हा सौदा करावाच का लागला, याचे एक मोठे कारण क्रिकेट आहे. जून २०२२ च्या लिलावात आयपीएलच्या पाच वर्षांच्या हक्कांसाठी डिस्ने स्टारने टीव्हीचे २३,५७५ कोटी मोजले आणि रिलायन्सच्या व्हायकॉम१८ ने डिजिटलचे सुमारे २३,७५८ कोटी. दोन्ही मिळून वर्षाला साधारण ९,५०० कोटींचा बोजा. आता ते १,१०० लोक सरासरी १५ लाखांचे धरा: वर्षाला १६५ कोटी. खर्चाचा डोंगर बोली लावणाऱ्यांनी उभा केला होता, तो पगारांनी झालेला नव्हता आणि पगार कापून उतरणाराही नव्हता.

विलीनीकरण झाले नाही तर नोकऱ्या वाचतात, असे मात्र धरून चालू नका. झी आणि सोनी यांचा करार डिसेंबर २०२१ मध्ये झाला, स्पर्धा आयोगाची आणि न्यायाधिकरणाची मान्यताही मिळाली, आणि २२ जानेवारी २०२४ रोजी सोनीने तो रद्द केला. पुढच्या व्यवहाराच्या दिवशी झीचा शेअर ३० टक्क्यांच्या आसपास कोसळला. त्यानंतर काही महिन्यांतच झीने १५ टक्के मनुष्यबळ कमी करण्याचे जाहीर केले. सौदा झाला तरी कपात, मोडला तरी कपात. जाहिराती फोनकडे वळल्या आहेत, केबलचे ग्राहक घटत आहेत, आणि काही कार्यालये विलीनीकरण नसते तर पूर्णच बंद झाली असती, हे मी कामगारांची वकील असूनही मान्य करते. म्हणून "विलीनीकरण थांबवा" या मागणीवर मी माझ्या अशिलांची ताकद खर्च करू देत नाही. ते थांबत नाही. त्याच्या अटी मात्र बदलतात, आणि तिथेच आपले काम आहे.

आता कायदा. तुम्ही विचारलेत तो कोणाची बाजू घेतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १६६ मध्ये लिहिले आहे की संचालकाने कंपनीच्या, तिच्या कर्मचाऱ्यांच्या, भागधारकांच्या आणि समाजाच्या हितासाठी काम करावे. कर्मचारी हा शब्द तिथे स्पष्ट आहे. अमेरिकेतल्या १८१ बड्या मुख्याधिकाऱ्यांनी २०१९ मध्ये बिझनेस राउंडटेबलच्या व्यासपीठावरून अशाच अर्थाचे निवेदन केले होते, पण ते निवेदन होते. आपल्याकडे तो कायदा आहे. अडचण पुढे आहे. विलीनीकरणाची प्रत्यक्ष प्रक्रिया त्याच कायद्याच्या कलम २३० ते २३२ मध्ये आहे, आणि तिथे मत भागधारकांना आणि धनकोंना आहे. उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांत संख्येने बहुमत आणि मूल्याने तीन चतुर्थांश पाठिंबा मिळाला की विलीनीकरणाची योजना राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे, म्हणजे आपल्यासाठी एनसीएलटीच्या मुंबई खंडपीठापुढे, मंजुरीसाठी जाते. नोटीस केंद्र सरकार, प्राप्तिकर खाते, रिझर्व्ह बँक, सेबी, स्पर्धा आयोग अशांना जाते. कामगार संघटनेला किंवा कर्मचाऱ्यांना नोटीस द्यावी, असे त्या यादीत नाही.

तुमच्या २०० शेअरचेही इथेच सांगून टाकते. तुम्हाला ई-मतदानाचा ईमेल येईल आणि तुम्ही योजनेच्या विरोधात मत देऊ शकता. औपचारिक हरकत घ्यायला मात्र किमान १० टक्के भागभांडवल किंवा थकीत कर्जातला किमान ५ टक्के वाटा लागतो. म्हणजे मालक म्हणून तुमचा आवाज २०० शेअरएवढा, आणि कर्मचारी म्हणून त्या मतपत्रिकेवर तुमची जागाच नाही. पीएफ सांभाळणारी ईपीएफओ २०१५ पासून नव्या ठेवींचा काही भाग ईटीएफ या प्रकारच्या फंडांमधून शेअर बाजारात गुंतवते, त्यामुळे तुमच्या पीएफचा अंशही अशा कंपन्यांत असू शकतो. तरी मत तुमचे नाही.

तरीही दोन फटी आहेत, आणि मी सगळी वर्षे त्या फटींतूनच काम करते आहे. पहिली: २०१६ च्या नियमांप्रमाणे भागधारकांना पाठवायच्या निवेदनात योजनेचा कर्मचाऱ्यांवर काय परिणाम होईल, हेही लिहावे लागते. बहुतेक निवेदनांत तिथे एकच ओळ असते: कोणताही प्रतिकूल परिणाम होणार नाही. ही ओळ जपून ठेवा. गुंतवणूकदारांना त्याच आठवड्यात काही कोटींच्या खर्चबचतीचे सादरीकरण केलेले असेल, तर ती दोन पाने शेजारी ठेवून न्यायाधिकरणाला दाखवता येतात. दुसरी: विलीनीकरण मंजूर करताना कर्मचाऱ्यांच्या बदलीबाबत आदेश देण्याचा अधिकार कलम २३२ मध्ये न्यायाधिकरणाला स्पष्ट दिलेला आहे.

आपले म्हणणे ऐकले जाईल का, असे लोक विचारतात. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये नॅशनल टेक्स्टाइल वर्कर्स युनियनच्या प्रकरणात, तीन विरुद्ध दोन मतांनी, कंपनी गुंडाळण्याच्या कामकाजात कामगारांना म्हणणे मांडण्याचा अधिकार आहे असे ठरवले. ते प्रकरण कंपनी बंद करण्याचे होते, विलीनीकरणाचे नव्हते, पण त्यातला विचार आम्ही आजही मांडतो. टोमको ही टाटांची कंपनी हिंदुस्तान लिव्हरमध्ये विलीन झाली, तेव्हा लिव्हरची कर्मचारी संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९९४ मध्ये हरली. तो निकाल मी अशिलांना मुद्दाम वाचायला सांगते. योजना नकोच, असे म्हणत गेलात तर न्यायालय भागधारकांच्या व्यावसायिक निर्णयात सहसा हात घालत नाही. नेमके शब्द घाला, अशी मागणी घेऊन गेलात तर ऐकले जाण्याची शक्यता कितीतरी जास्त.

ते नेमके शब्द कोणते, हा या उत्तराचा गाभा आहे. प्रत्येक योजनेत कर्मचाऱ्यांचा एक परिच्छेद असतो. त्यात साधारण असे लिहिलेले असते की प्रभावी दिनांकाला, म्हणजे योजना अमलात येते त्या दिवशी, सेवेत असलेले सर्व कर्मचारी सेवेत खंड न पडता आणि आधीपेक्षा कमी फायद्याच्या नसतील अशा अटींवर नव्या कंपनीकडे जातील. वाचायला बरे वाटते. पण यात त्या एका दिवसाचे संरक्षण आहे. दुसऱ्या दिवशी काय, याबद्दल अवाक्षर नाही. शिवाय "प्रभावी दिनांकाला सेवेत असलेले" असे म्हटले की त्या दिनांकाच्या आदल्या आठवड्यात काढलेले लोक आपोआप बाहेर. म्हणून आपण मागायचे ते असे: योजना जाहीर झाल्याच्या तारखेला जे सेवेत होते त्या सर्वांना संरक्षण, प्रभावी दिनांकापासून १८ किंवा २४ महिने विलीनीकरणाच्या कारणाने कपात नाही, कपात करावीच लागली तर कोणत्या निकषावर, ते आधी लेखी, भरपाई कायद्याच्या १५ दिवसांऐवजी वर्षाला एक महिन्याच्या किंवा त्याहून जास्त दराने. सगळे मिळेल असे मी सांगत नाही. पण योजना मंजूर होईपर्यंत कंपनीला तारखा पाळायच्या असतात, वादाची बातमी नको असते, आणि व्यवस्थापन त्या काही महिन्यांत जेवढे ऐकते तेवढे नंतर कधीच ऐकत नाही.

ब्रिटनमध्ये २००६ चे असे नियम आहेत की व्यवसायाचे हस्तांतर हेच मुख्य कारण असलेली बडतर्फी मुळातच अन्याय्य धरली जाते, जोपर्यंत आर्थिक, तांत्रिक किंवा संघटनात्मक गरज सिद्ध होत नाही. जर्मनीत १९७६ पासून २,००० पेक्षा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळात निम्म्या जागा कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींना आहेत. आपल्याकडे यातले काही नाही, म्हणून जे तिथे कायदा देतो ते इथे मागून लिहून घ्यावे लागते.

आता तुमच्या बाबतीत आधी तपासायचे ते हे, की तुमची नियोक्ता कंपनी खरोखर विलीन होते आहे का. अनेक सौद्यांत फक्त शेअर हात बदलतात. तसे असेल तर तुमच्या नेमणूकपत्रावरची कंपनी तीच राहते, कायद्याच्या लेखी हस्तांतर होतच नाही, आणि हस्तांतराची भरपाई हा मुद्दाच उद्भवत नाही. पगारचिठ्ठीवरचे नाव बघा, ओळखपत्रावरच्या लोगोवर जाऊ नका. हस्तांतर खरेच असेल आणि तुम्हाला नव्या कंपनीत जायचे नसेल, तर फिलिप्सच्या कारखान्याच्या विक्रीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितले आहे की संमतीशिवाय कामगाराला दुसऱ्या मालकाकडे ढकलता येत नाही. नकार दिला तर भरपाई मिळते, जुनी नोकरी टिकेलच असे नाही.

दुसरा गैरसमज आमच्या कार्यालयात रोज ऐकू येतो: "माझा पगार जास्त आहे, मी थोडाच कामगार?" २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. तिच्यात महिन्याला १८,००० रुपयांची मर्यादा आहे, पण ती फक्त पर्यवेक्षकाचे काम करणाऱ्यांसाठी. तुम्ही स्वतः एडिटिंगच्या संगणकावर बसून प्रोमो कापत असाल, कोणाची रजा मंजूर करण्याचा किंवा कोणाला नेमण्याचा अधिकार तुमच्याकडे नसेल, तर पगार ७० हजार असला तरी तुम्ही तांत्रिक काम करणारे कामगार आहात असे भक्कमपणे मांडता येते. व्हिजिटिंग कार्डावर "असिस्टंट मॅनेजर" छापलेले असले तरी न्यायालय हुद्दा बघत नाही, प्रत्यक्ष काम बघते. सर्जनशील काम की तांत्रिक, यावर कंपनी वाद घालेल. म्हणून रोजच्या कामाचे स्वरूप दाखवणारे ईमेल, शिफ्टचे तक्ते, कामाच्या सूचना यांची नोंद आत्ताच करून ठेवा. श्रमिक पत्रकारांचा समावेश तर कामगाराच्या व्याख्येतच केला आहे.

सरकारची पूर्वपरवानगी मात्र तुमच्या उपयोगाची नाही. ३०० किंवा त्याहून जास्त कामगार असतील तर कपातीला परवानगी लागते, असे लोकांनी ऐकलेले असते. ते प्रकरण कारखाने, खाणी आणि मळे यांच्यापुरते आहे. वर्तमानपत्राचा छापखाना त्यात येऊ शकतो, तुमचे एडिटिंगचे कार्यालय नाही. शब्दांचाही घोळ आहे: ऑफिसात सगळे "ले-ऑफ" म्हणतात, पण कायद्यात ले-ऑफ म्हणजे काम तात्पुरते न देता येणे, नोकरी शिल्लक असते. तुमच्यावर येऊ घातली आहे ती कपात. पत्रव्यवहारात तोच शब्द वापरा. कपातीत, त्याच प्रकारच्या कामात शेवटी आलेला आधी जाणार हा सर्वसाधारण नियम आहे, आणि वर्षभरात पुन्हा भरती केली तर काढलेल्यांना संधी द्यावी लागते. तुमची ९ वर्षे इथे तुमच्या कामी येतात.

आता सगळ्यात महत्त्वाचे. काही वर्षांपूर्वी एका कंपनीने विलीनीकरणानंतर पुण्यातल्या १४ जणांना सकाळी एका हॉटेलच्या बैठकीच्या खोलीत बोलावले. एचआरच्या दोघांनी प्रत्येकापुढे टाइप केलेला राजीनामा ठेवला. तासाभरात सही केली तर तीन महिन्यांचा पगार आणि चांगले अनुभवपत्र, नाहीतर कामगिरीच्या कारणाने काढू, असे तोंडी सांगितले. फोन बाहेर ठेवायला लावले होते. अकरा जणांनी सही केली. त्यांतले चौघे नंतर माझ्याकडे आले. चार वर्षे मी ते प्रकरण चालवले आणि हरले, कारण कागदावर त्यांनी स्वखुशीने नोकरी सोडली होती आणि दबावाचा पुरावा आमच्याकडे नव्हता. ज्या तिघांनी "घरी विचारून सांगतो" एवढेच म्हटले, त्यांनी त्याच संध्याकाळी घडलेले सगळे ईमेलने एचआरला लिहून कळवले. त्यांना कपातीचे रीतसर पत्र द्यावे लागले, आणि समेट अधिकाऱ्यापुढे तिघांनाही त्या अकरांच्या दुपटीपेक्षा जास्त रक्कम मिळाली. त्या चौघांपैकी एक जण अजून भेटला की विचारतो, मॅडम, एक दिवस थांबलो असतो तर? मला त्याचे उत्तर देववत नाही.

म्हणून राजीनाम्यावर सही करू नका. रक्कम पटत असली तरी कागद "परस्पर संमतीने सेवा समाप्ती" किंवा "कपात" असा हवा, त्यात रकमेची फोड हवी, आणि तो घरी नेऊन वाचायला किमान दोन दिवस हवेत. नव्या वेतन संहितेप्रमाणे कपात असो वा राजीनामा, देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यावे लागते. "फुल अँड फायनल ४५ दिवसांत" ही जुनी सवय आता चालत नाही. पीएफच्या थकबाकीबद्दल व्यवसाय देणारा आणि घेणारा दोघेही जबाबदार धरले जातात, तेव्हा खात्याचे पासबुक आजच उघडून प्रत्येक महिन्याचा भरणा बघा.

पुण्यापुरती आणखी एक गोष्ट. इथली बहुतेक माध्यम कार्यालये ही मुंबईच्या मुख्यालयाची शाखा असतात. एकत्रीकरणात पुण्याची शाखा बंद करून सगळ्यांना अंधेरीला किंवा बेंगळुरूला रुजू व्हायला सांगतात. पंधरा दिवसांत कोणाचे आई-वडील, कोणाची मुलांची शाळा, कोणाचे कोथरूडमधले घराचे हप्ते हलवता येत नाहीत. माणूस जात नाही, मग गैरहजर ठरतो, आणि भरपाईशिवाय प्रकरण संपते. बदलीचे पत्र आले तर ते नाकारून घरी बसू नका. लेखी उत्तर द्या: पुण्यात काम करायला मी रोज तयार आहे, शाखा बंद होत असेल तर ती कपात आहे आणि तिची भरपाई द्या. नेमणूकपत्रात बदलीचे कलम असेल तर लढाई अवघड होते, संपत मात्र नाही.

आणि कृपा करून फक्त पे-रोलवरच्या लोकांची यादी करू नका. थेट प्रक्षेपणाच्या ओबी व्हॅनचा ड्रायव्हर, सबटायटल करणाऱ्या मुली, ठेकेदाराकडून आलेले कॅमेरा अटेंडंट, बातमीमागे पैसे घेणारे स्ट्रिंगर यांची नावे कोणत्याही बचतीच्या सादरीकरणात नसतात, कारण त्यांचे जाणे पगाराच्या नव्हे, "सेवा खर्चा"च्या रकान्यात दिसते. सगळ्यात आधी तेच जातात. ठेकेदाराचे करार कधी संपतात ते विचारा आणि तुमच्या मागणीपत्रात त्यांच्यासाठी निदान करार पूर्ण होईपर्यंतची हमी मागा.

लॉ कॉलेज रस्त्यावर आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथे १९३३ मध्ये प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून आली. पाच भागीदारांपैकी सीताराम कुलकर्णी यांनी भांडवल आणले होते आणि दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर हे स्टुडिओत हाताने काम करणारे होते. पैसा आणि कसब एका टेबलावर बसत होते, भांडणेही तिथेच होत होती. तुमच्या कंपनीचा सगळ्यात मोठा भागधारक बहुधा एखादा फंड असेल, आणि पुण्यात तिचे कार्यालय आहे हेही त्याला माहीत नसेल. म्हणून त्याच्यापर्यंत पोचणाऱ्या कागदात तुमचे शब्द जाणे एवढे गरजेचे आहे.

या आठवड्यात एवढे करा. योजनेचा मसुदा कंपनीच्या आणि शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर असतो, तो उतरवून कर्मचाऱ्यांचा परिच्छेद छापून घ्या. गुंतवणूकदारांसाठीचे सादरीकरणही घ्या. नेमणूकपत्र, पगारवाढीची पत्रे, पगारचिठ्ठ्या स्वतःच्या ईमेलवर ठेवा. कंपनीची गोपनीय माहिती किंवा फुटेज चुकूनही नको, तेवढ्यावरून काढतील. रविवारी कोणाच्या तरी घरी बसा, चहाला पाच जण आले तरी चालेल. मागणीपत्रावर निदान वीस सह्या होईपर्यंत ते पाठवू नका. सुनावणीची जाहीर नोटीस इंग्रजीबरोबर मराठी वर्तमानपत्रातही छापून येते. रोज सकाळी ते पान बघायची जबाबदारी एकाने घ्यावी. नोटीस दिसली की त्याच दिवशी तिचे कात्रण आणि योजनेची प्रत घेऊन वकिलाकडे जा.